फेब्रुवारीतच ऊन पेटलं; बाग ठेवायची की विकायची?

पत्र

ताई, आमची रत्नागिरी तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, हापूसची बाग आहे. दीडशेच्या आसपास कलमं. यंदा मोहोर बरा आला होता, फळही धरलं होतं. पण फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात असं काही ऊन पडलं की वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळं रोज टोपलीभर खाली. राहिली त्यातल्या कितीतरींवर भाजल्यासारखे काळे चट्टे. सासरे म्हणतात, असली उन्हं मी पन्नास वेळा बघितलीत, ही निसर्गाची लहर, हवामानबदल वगैरे शहरातल्या लोकांच्या गप्पा. पुरावा म्हणून आपल्या जुन्या वह्या काढून बसतात. मुलगा बी.एस्सी. झालाय. त्याचं म्हणणं, हे सगळं हवामानबदलामुळेच, आता इथे आंबा होणार नाही, भाव आहे तोवर जमीन विकून मोकळं व्हा. एक दलाल दोनदा घरी येऊन गेलाय. ह्यांच्या डोक्यावर कर्ज. फवारणी थांबवून चालायचं नाही म्हणून भर दुपारी गड्यांना घेऊन बागेत असतात. परवा राखणीला असलेला एक नेपाळी कामगार चक्कर येऊन पडला. लिंबूपाणी देऊन सावलीत निजवला. घरात जेवणाच्या ताटावर रोज भांडण. खरं कोणाचं? आणि आम्ही करायचं काय?
— एक आंबेवाली, रत्नागिरी

उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय कोण खरं म्हणून, पण मी आधी त्या कामगाराबद्दल लिहिणार आहे. पत्रात तो एका ओळीत येऊन गेला. माझ्या लेखी तीच ओळ सगळ्यात तातडीची.

मे महिन्यातल्या उन्हापेक्षा फेब्रुवारी-मार्चमधलं ऊन माणसाला जास्त दगा देतं, कारण शरीर तयार नसतं. उन्हात काम करायची सवय अंगाला लागायला एक ते दोन आठवडे जातात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. कालपर्यंत पहाटे गोधडी लागत होती आणि आज पारा ३८ वर गेला, तर ही तयारी व्हायला वेळच मिळत नाही. त्यात आपली किनाऱ्याची हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यावर फवारणीसाठी प्लास्टिकचा अंगरखा, तोंडाला फडकं, पाठीवर पंप. नागपूरचा माणूस ३८ ला हसेल, पण सड्यावर दुपारी दोन वाजता या अवस्थेतले ३८ अंश जीव घेऊ शकतात. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानात कार्यक्रमाला बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशीही त्या भागात पारा ३८ च्याच आसपास होता. हवामान खातंही किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंशांवर ठेवतं, मैदानी भागासाठी ४० वर.

तेव्हा ह्यांना एवढं पटवाच. फवारणी उजाडताना सुरू करायची आणि दहाच्या आत पंप खाली. राहिलं तर साडेचारनंतर. यात कर्जाचंही काही बिघडत नाही. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की फवारा झाडावर कमी आणि माणसाच्या अंगावर जास्त जातो, औषधाचे पैसे वाऱ्यावर. दुपारचे तास गेले म्हणून मजुरी कापू नका, नाहीतर गडी गुपचूप दुपारी काम उरकतील. पाण्याचा हंडा घरी नको, बागेत हवा, आणि तहान लागण्याची वाट न बघता दर अर्ध्या तासाला प्यायचं.

माणूस पुन्हा पडला तर लिंबूपाणी देण्याआधी त्याच्याशी बोलून बघा. नीट उत्तर देतो, नुसती चक्कर आणि अशक्तपणा आहे, तर सावली, पाणी, विश्रांती पुरते. पण असंबद्ध बोलतोय, ओळखत नाही, झटके येतायत, अंग तव्यासारखं तापलंय, तर तो उष्माघात. मग तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, ठसका लागून श्वास अडकतो. कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, जोरजोरात वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा, आणि १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत पाणी आणि वारा थांबवायचा नाही. आणखी एक गोष्ट, जी बागायतदारांच्या घरात फार कमी वेळा बोलली जाते: कीटकनाशक अंगात गेलं तरी चक्कर, उलटी, घाम अशीच लक्षणं दिसतात. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना औषधाची बाटली सोबत न्या आणि फवारणी चालू होती हे स्वत:हून सांगा. परवा जो पडला त्यालाही एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून आणा. तो परक्या मुलखात आहे, कामावरून काढतील या भीतीने तो स्वत: कधी सांगणार नाही.

आता भांडणाकडे येते.

तुमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, वह्या मी पाहिलेल्या नाहीत, पण त्यांचं म्हणणं मुळात खोटं नाही. मुंबईच्या नोंदींत २५ फेब्रुवारी १९६६ ला ३९.६ अंश आहे आणि २८ मार्च १९५६ ला ४१.७. हे दोन्ही आकडे २०२५ पर्यंत तरी मोडलेले नव्हते. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर मुंबईचा पारा ३८ च्या पुढे गेला, हवामान खात्याने कोकण-गोव्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला, तरीही १९६६ चा तो दिवस वरच राहिला. आणि ऊन चढण्याचं कारणही जुनंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीकधी पूर्वेकडून, घाटावरून कोरडा वारा जोर धरतो. एरवी अकरा-बाराला येणारा खारा वारा मग दुपारी दोन-तीनपर्यंत किनाऱ्याला शिरत नाही. तोवर जमीन तापत राहते आणि पारा चार-सहा अंश चढून बसतो. हे आबांच्या लहानपणीही व्हायचं, त्यांच्या आजोबांच्याही. तेव्हा मुलाने त्यांना खोटं ठरवू नये.

पण आबा इथे थांबतात आणि खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. तुम्ही समुद्राकाठच्या, म्हणून असं सांगते. लाट पूर्वीएवढीच उंच उठते, पण अमावास्येच्या उधाणाला तीच लाट अंगणात येते, कारण खालचं पाणीच चढलेलं असतं. पूर्वेकडचा वारा ही लाट. ती जुनी आहे. चढलंय ते खालचं पाणी, म्हणजे हवेचं मूळ तापमान. त्यामुळे जो वारा पूर्वी ३६ वर थांबायचा तो आता ३७ च्या आसपास नेऊन सोडतो, आणि जे पूर्वी क्वचित बघायचं ते आता वारंवार दारात उभं राहतं. एखाद्या दिवसाचा उच्चांक १९६६ चा आहे का २०२५ चा, यावरून काही ठरत नाही. किती वेळा, किती दिवस सलग आणि किती मोठ्या भागावर, हे बघायचं.

आणि तसं बघितलं की मुलगा बरोबर ठरतो. देशभराच्या नोंदी १९०१ पासूनच्या आहेत. त्या सगळ्या काळात मार्च महिन्याचं देशाचं सरासरी कमाल तापमान सर्वांत जास्त राहिलं ते २०२२ ला, ३३.१ अंश. फेब्रुवारीच्या कमाल तापमानाचा विक्रम २०२३ ला मोडला. आणि २०२५ चा फेब्रुवारी सरासरी तापमानात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण, २२.०४ अंश, नेहमीपेक्षा १.३४ ने जास्त. चार वर्षांत तीनदा असं होणं ही लहर नव्हे. लहर असती तर मधूनमधून सगळ्यात थंड फेब्रुवारीचे विक्रमही असेच मोडले असते.

२०२२ च्या मार्च-एप्रिलचा तर नीट हिशेब झालेला आहे. आयआयटी मुंबई आणि आयआयटी दिल्लीच्या शास्त्रज्ञांसह एका आंतरराष्ट्रीय गटाने तो केला. पद्धत समजायला अवघड नाही. आहे त्या हवेत असा उन्हाळा किती वर्षांतून एकदा येतो ते नोंदींवरून काढायचं, आणि माणसाने कोळसा-तेल जाळून हवेत सोडलेला वायू वजा केला तर तोच उन्हाळा किती वर्षांतून एकदा आला असता ते संगणकावर काढायचं. उत्तर निघालं की भारत-पाकिस्तानवर त्या वर्षी पडलेलं ऊन आताच्या हवेतही शंभर वर्षांतून एकदाचं आहे, पण हवामानबदलाने त्याची शक्यता सुमारे ३० पटींनी वाढवली, आणि ते जवळपास १ अंशाने जास्त तापवलं. म्हणजे पूर्वीच्या हवेत ते जवळजवळ आलंच नसतं. त्या मार्चमध्ये देशात पाऊसही सरासरीच्या ७१ टक्के कमी पडला. उत्तरेत गव्हाचा दाणा भरत होता, तो भरायच्या आतच आक्रसला, आणि १३ मे २०२२ ला सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. पंजाबातला गहूवाला आणि तुम्ही एकाच दुखण्याचे रोगी आहात. ऊन एवढं पडतंच, पण पीक कोवळं असताना पडलं.

आबा विचारतील, एका-दीड अंशाने काय होतंय? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान वाढलं ते ०.७ अंशांनीच. ऐकायला किरकोळ. पण सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस कितीतरी पटींनी वाढतात, वर सांगितलेले ३० पट हे त्याचंच उदाहरण. आणि वाढण्याचं कारण गूढ नाही. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेतल्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. तापलेली जमीन रात्री जी उष्णता आकाशात सोडते ती हा वायू अडवतो. म्हणून आपल्या रात्रीही पूर्वीसारख्या निवत नाहीत, आणि हापूसला मोहोर धरायला गार रात्री लागतात हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

झाडं तोडली, चिऱ्यांच्या खाणी झाल्या, डांबर-सिमेंट आलं म्हणून गाव तापलं, असंही कोणीतरी जेवताना म्हणत असेल. गावापुरतं ते खरं आहे. पण त्याने एकाच महिन्यात अख्खा देश तापत नाही.

मुलाचं चुकतं ते पुढच्या वाक्यात. "आता इथे आंबा होणार नाही" असं कोणत्याही शास्त्रज्ञाने सांगितलेलं नाही. शास्त्र एवढंच सांगतं की अशी वर्षं वाढत जातील, आणि किती वाढतील ते जग पुढे किती कोळसा-तेल जाळतं यावर आहे. हवेत भर घालणं जगाने निव्वळ शून्यावर आणलं, म्हणजे जेवढा वायू सोडला तेवढाच परत शोषला गेला, की तापमानाचं चढणंही जवळपास तिथेच थांबतं. म्हणजे प्रत्येक दशांश अंश वाचवण्याजोगा आहे. भारताने त्यासाठी २०७० हे वर्ष धरलंय. मला ते लांबचं वाटतं, पण आपल्या माणसामागचा कार्बन डायऑक्साइड जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे, आणि या उन्हाचं मोठं देणं इतर देशांच्या नावावर आहे, हेही तितकंच खरं. मुलगा चिडलाय तो यामुळे असेल तर त्याचा राग रास्त आहे. त्या रागापायी आपल्याच घरची कलमं विकायची का, हा विचार मात्र त्याने करावा.

दोघांना एकत्र बसवायचं असेल तर आबांच्या वह्यांसारखं दुसरं काही नाही. मुलाला त्या वह्या मोबाइलवर उतरवून घ्यायला सांगा: मोहोर कधी फुटला, पहिली पेटी कधी निघाली, किती फवारण्या झाल्या, किती आंबा साक्याने (वरून चांगला, आतून गर खराब) गेला. एका गोष्टीकडे लक्ष द्या. कल्टार हे संजीवक घालायला लागल्यापासून मोहोर लवकर येतो, तेव्हा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तारखा एकमेकींशी जुळवू नका, नाहीतर पुन्हा नवं भांडण. दोन साधे तापमापक आणा, एक अंगणात सावलीत, एक बागेत कलमाच्या सावलीत छातीच्या उंचीवर, आणि रोज दुपारी आबांच्याच हस्ताक्षरात आकडा लिहा. वर्षानुवर्षं ज्याने बाग लिहून ठेवली त्या माणसाला वेड्यात काढू नये. त्याला कामाला लावावं. मुलाच्या पदवीलाही मग काही अर्थ येईल.

आता बागेबद्दल. सड्यावरच्या बागेचं दुखणं खालून येतं. कातळ दिवसभर तापतो आणि ती धग वर फळाला लागते. साक्याचं एक मोठं कारण हीच जमिनीची धग आहे, म्हणून जमीन झाकणं हे पहिलं काम. पण आपल्याकडे याच दिवसांत कलमाखालचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करून पेटवायची पद्धत. ती बंद करा. तो सगळा पातेरा, वाळलेलं गवत, भाताचा पेंढा असेल तर तो, आळ्यात चांगला वीतभर पसरा, बुंध्यापासून थोडा दूर. ओल टिकते, मुळं थंड राहतात, कातळाची धग दबते. मात्र वणव्याचे दिवस आहेत. बागेच्या कडेने सात-आठ हात रुंद पट्टा खरवडून साफ ठेवा, विशेषत: रस्त्याच्या अंगाला. लोक विड्या फेकतात.

पाणी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून अंड्याएवढं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, असं तीन-चार वेळा. तुमच्या दीडशे कलमांना एका वेळेला बावीस ते तीस हजार लिटर लागतील. सड्यावर एवढं पाणी कुठून, हे तुम्ही म्हणण्याआधीच मी म्हणते. म्हणून सगळ्यांना थोडं थोडं शिंपडत बसू नका. ज्या कलमांवर फळ टिकलंय ती निवडा, त्यांना पोटभर द्या, संध्याकाळी द्या, आणि पातेरा आधी, पाणी नंतर, नाहीतर अर्धं उडून जाईल. ज्या कलमांची सगळी फळं गळली त्यांच्यावर यंदा पाणी, औषध, मजुरी काहीच घालू नका. हे मनाला लागतं. पण कर्ज फेडायचंय तर फवारणीचा एक-एक हात वाचवायला हवा.

जी फळं गोटी ते अंड्याएवढी आहेत त्यातल्या हाताला येणाऱ्या, चांगल्या फळांना कागदी पिशव्या घाला. उन्हाचा चट्टा आणि फळमाशी दोन्ही टळतात. सगळ्या बागेला जमणार नाही आणि जमवायचंही नाही. ज्या फळाला पेटीत वरच्या थरात जागा मिळणार तेवढ्यालाच. काढणी सकाळी लवकर, आणि आंबा ८० ते ८५ टक्के तयार झाला की उतरवा. झाडावर पूर्ण तयार होऊ द्यायच्या हट्टात साका वाढतो. उतरवलेला आंबा क्षणभरही कातळावर ठेवू नका, थेट सावलीत. बाकी दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचं तापमान असतं. मुलाने तो वाचून आबांना सांगायचा आणि फवारणीचा दिवस दोघांनी मिळून ठरवायचा.

विम्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवला असेल तर पॉलिसीचा कागद काढा आणि त्यात जास्त तापमानाचं संरक्षण कोणत्या तारखेपासून सुरू होतं ते बघा. ऊन आता फेब्रुवारीत येतं. कागदावरची तारीख त्याच्या नंतरची असेल तर नुकसान झालं तरी हाती काही लागत नाही. असं असेल तर एकट्याने हळहळून उपयोग नाही, गावातल्या बागायतदारांनी मिळून कृषी अधिकाऱ्यांना लेखी द्यायला हवं की कालावधी आधी ओढा. तुमच्या महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र कुठे बसवलंय तेही जाऊन बघून या, कारण पैसे त्याच्या आकड्यावर ठरतात, तुमच्या बागेतल्या आकड्यावर ठरत नाहीत. विमा उतरवलाच नसेल, तर मुदत साधारण नोव्हेंबरअखेर संपते, आणि सातबाऱ्यावर कलमांची ई-पीक पाहणी झालेली लागते. हे काम आताच मुलाच्या अंगावर टाका. बँकेतही हप्ता थकायच्या आत जा. थकल्यानंतर गेलेल्या माणसाचं कोणी नीट ऐकून घेत नाही, आधी गेलेल्याला निदान मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते.

राहिला विकण्याचा प्रश्न. माझं मत सरळ सांगते: या मोसमाच्या जोरावर विकू नका. गळलेल्या फळांकडे बघून ठरवलेली किंमत दलालाच्या सोयीची असते, तो दोनदा आला तोही नेमका याच दिवसांत. आणि कोकणात एकदा गेलेली जमीन त्याच घराकडे परत आलेली मी पाहिलेली नाही. पण सगळं होतं तसंच चालू ठेवायचं, असंही मी म्हणत नाही. हापूस हा उन्हाला, थंडीला, पावसाला, सगळ्यालाच नाजूक, आणि अख्खं घर एकट्या हापूसवर उभं असेल तर ते पुढच्या दहा वर्षांत वारंवार हलेल. नवं कर्ज काढून हापूस वाढवू नका. जिथे कलम मेलंय किंवा म्हातारं होऊन फळ देत नाही तिथे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून आलेली रत्नासारखी जात लावा. ती नीलम आणि हापूसच्या संकरातली, तिच्यात साका होत नाही आणि ती दरवर्षी धरते. दर हापूसचा येत नाही, हे मान्य. बांधाला कोकम, आतल्या ओलाव्याच्या जागी काही मसाल्याची झाडं. आणि चट्टे पडलेल्या, आकाराने लहान आंब्याचा रस घरी किंवा गावातल्या बायकांच्या बचत गटात काढता येतो का ते यंदाच बघा, कारण यंदा असा आंबा जास्त असणार. हा भाग तुम्ही स्वत:च्या हातात ठेवा, ह्यांच्या आणि आबांच्या परवानगीची वाट बघत बसू नका.

मुलाशी एकदा एकट्याने बोला, हवामानावर नको. त्याला विचारा की जमीन विकून आलेल्या पैशांतून तो काय करणार आहे. त्याच्याकडे नेमकं उत्तर असेल, म्हणजे शिक्षण, धंदा, जे काही असेल ते, तर त्याला बागेत बांधून ठेवू नका. शिकायला, नोकरीला खुशाल जाऊ द्या, त्यासाठी बाग विकावी लागत नाही. उत्तर नसेल तर तो जमिनीला कंटाळलेला नाही, घाबरलेला आहे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने पुढची चाळीस वर्षं कशी जातील म्हणून घाबरणं यात चुकीचं काही नाही, आणि "निसर्गाची लहर" म्हटल्याने ती भीती जात नाही. आबांनी त्याला एवढं म्हटलं तरी पुरे, की तू म्हणतोस ते खरं आहे, आता सांग आपण काय करायचं.

दलालाला सांगा, दिवाळीनंतर या. तोवर पेट्यांचा हिशेब झालेला असेल, विम्याचं कळलेलं असेल, आबांच्या वह्या उतरवून झालेल्या असतील, आणि बँकेने काय सांगितलं तेही हातात असेल. त्यानंतरही विकावंसं वाटलं तर सगळी बाग एकदम काढू नका. आधी कातळावरचा, पाणी न पोहोचणारा तुकडा वेगळा मोजून घ्या आणि त्याचाच भाव विचारा.